पासबुकातील प्रत्येक जमा कोणत्या शीर्षाची? प्राप्तिकराची मूलतत्त्वे आणि उत्पन्नाचे वर्गीकरण

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातल्यावर आडत्याकडून आलेले पैसे, जिल्हा परिषद शाळेचा पगार, नांदेडच्या दोन खोल्यांचे भाडे, मुदत ठेवीचे व्याज आणि दूध संकलन केंद्राचा दहा दिवसांचा हप्ता या पाचही रकमा मराठवाड्यातील अनेक घरांत एकाच बचत खात्यात येऊन पडतात. बँकेच्या लेखी त्या सगळ्या सारख्याच जमा असतात. प्राप्तिकर कायद्याच्या लेखी मात्र त्यांतील एकीवर कर नाही, एकीतून ७५,००० रुपये सरसकट वजा होतात, एकीतून ३० टक्के वजा होतात, एकीतून बहुधा काहीच वजा होत नाही आणि एकीचा नफा खर्च मांडून काढावा लागतो. म्हणून ‘मला किती कर बसेल?’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न ‘हा पैसा कुठून आला?’ हा आहे. विवरणपत्रातील चुका बेरजेत क्वचित सापडतात, या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र हमखास सापडतात.

पुढील पायऱ्या नुसत्या वाचण्यापेक्षा वर्षभराचा खातेउतारा आणि पेन्सिल घेऊन बसावे. प्रत्येक जमा रकमेच्या समासात ती कशाची हे एका शब्दात लिहीत गेल्यास निम्मे काम तिथेच उरकते.

पायरी १ : वर्ष आणि व्यक्ती ठरवणे

प्राप्तिकराचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. १९६१ च्या कायद्यात ज्या वर्षी उत्पन्न मिळाले ते ‘मागील वर्ष’ आणि त्याची आकारणी ज्या वर्षी होते ते ‘करनिर्धारण वर्ष’ अशी दोन नावे होती, आणि या दोन नावांनी लोकांना जितके छळले तितके करानेही छळले नसेल. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी करनिर्धारण वर्ष २०२६-२७ असते. चलन भरताना इथे चूक झाली की भरलेला कर भलत्याच वर्षाच्या नावावर जमा होतो आणि यंदाची मागणी तशीच उभी राहते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ने हा घोळ मिटवून ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणली. कलमांचे क्रमांक त्यात बदलले, पण उत्पन्नाची पाच शीर्षके, म्हणजे पगार, घर मालमत्ता, धंदा किंवा व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर स्रोत, तीच राहिली. या लेखातील दर आणि मर्यादा २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या असून, जिथे कलमाचा उल्लेख आहे तिथे तो लोकांच्या तोंडी बसलेल्या जुन्या क्रमांकाचा आहे.

कर ‘व्यक्ती’वर बसतो, आणि कायद्यातील व्यक्ती म्हणजे केवळ माणूस नव्हे, हिंदू अविभक्त कुटुंब, भागीदारी संस्था, कंपनी, सहकारी संस्था या सगळ्या स्वतंत्र व्यक्ती आहेत. आपल्याकडे याचा संबंध शेतीशी येतो. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतात, पण मोंढ्यातील पट्टी (विक्रीची पावती) थोरल्याच्या नावावर निघते आणि पैसेही त्याच्याच खात्यात येतात. तो नोकरीला असेल तर संपूर्ण शेतीउत्पन्न त्याचेच असल्याचे चित्र उभे राहते. प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम त्याच वर्षी त्याच्या खात्यात वळती करावी आणि त्याची साधी लेखी नोंद ठेवावी, एवढ्याने हा प्रश्न बराचसा सुटतो.

निवासाचा नियम इथे थोडक्यात पुरे. वर्षात १८२ दिवस किंवा अधिक काळ भारतात राहणारा माणूस निवासी ठरतो आणि सर्वसाधारणपणे त्याच्या जगभरातील उत्पन्नावर भारतात कर लागतो. आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांनी हे दिवस पासपोर्टवरील शिक्क्यांवरून मोजावेत.

पायरी २ : उत्पन्नच नसलेल्या रकमा बाजूला काढणे

पीककर्ज, सोनेतारण कर्ज, हातउसने घेतलेले पैसे, मुदत ठेव मोडल्यावर परत आलेली मुद्दल, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून वळती केलेली रक्कम, यांतील काहीही उत्पन्न नाही. बीड, धारूर, पाटोदा भागातील ऊसतोड मुकादमाला कारखान्याकडून मिळणारी उचल हीदेखील मिळाली त्या दिवशी त्याचे उत्पन्न नसते. ती हंगामातील कामावर फेडायची आगाऊ रक्कम असते. मात्र ही रक्कम उचल आहे हे दाखवणारा करार जपून ठेवावा लागतो, कारण खात्यात एकदम आलेले काही लाख रुपये पाहणाऱ्याला त्यामागची टोळी आणि कोयते दिसत नाहीत.

भेट म्हणून मिळालेल्या पैशांचा नियम मजेशीर आहे. लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटी करमुक्त असतात. एरवी नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या रकमांची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर केवळ वरच्या रकमेवर नव्हे, तर संपूर्ण रकमेवर कर लागतो. ‘नातेवाईक’ कोण हे मात्र कायदा ठरवतो, भावकी नाही. पती-पत्नी, भाऊ-बहीण, दीर-मेहुणे, काका, मामा, आत्या, मावशी आणि सरळ रेषेतील पूर्वज व वंशज त्यात येतात. चुलतभाऊ आणि मामेभाऊ येत नाहीत. परिणामी काकाने पुतण्याला दिलेले दोन लाख करमुक्त, पण पुतण्याने काकाला भेट दिलेले दोन लाख करपात्र ठरतात.

पायरी ३ : शेतीचे उत्पन्न वेगळे काढणे

मराठवाड्यातील वाचकासाठी सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच आहेत. राज्यघटनेने शेतीउत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यांकडे ठेवला आहे. केंद्राला शेती सोडून इतर उत्पन्नावर कर लावता येतो. म्हणून केंद्राच्या प्राप्तिकर कायद्यात शेतीउत्पन्न करमुक्त आहे. पण ‘शेतकऱ्याचे उत्पन्न करमुक्त’ असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. शेतकऱ्याला मिळालेला प्रत्येक रुपया शेतीउत्पन्न नसतो आणि शेती न कसणाऱ्यालाही शेतीउत्पन्न असू शकते.

कायद्याच्या व्याख्येत ढोबळमानाने तीन गोष्टी येतात : शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारतातील जमिनीचा खंड, त्या जमिनीत प्रत्यक्ष शेती करून मिळालेले उत्पन्न, आणि काही अटींसह शेतातील घराचे उत्पन्न. जमीन बटईने किंवा ठोक्याने देऊन छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या मालकाला मिळणारा ठोका हे शेतीउत्पन्नच आहे. राजा बिनॉय कुमार सहस रॉय खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी आजही लागू आहे : नांगरट, पेरणी, लागवड यांसारखी जमिनीवर माणसाच्या श्रमाने होणारी मूळ कामे असली पाहिजेत, खुरपणी, राखण, काढणी ही पुढची कामे त्यांना जोडून आली तरच शेती ठरतात.

ही कसोटी हातात धरून आजूबाजूला पाहावे. जालन्याकडील शेतकऱ्याने मोसंबी पिकवून विकली तर ते शेतीउत्पन्न आहे. तीच बाग फळांसकट विकत घेऊन तोडणी करणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा मात्र धंद्याचा आहे, कारण त्याने जमिनीला हात लावलेला नाही. तुरीची मळणी करून, वाळवून, पोती भरून मोंढ्यात नेणे ही माल बाजारायोग्य करण्याची नेहमीची प्रक्रिया असल्याने तिथपर्यंतचा पैसा शेतीचा असतो. त्याच तुरीची स्वतःच्या डाळमिलमध्ये डाळ करून विकली, तर तुरीला तूर म्हणून बाजार उपलब्ध असताना डाळ करण्यातून सुटणारा नफा धंद्याच्या शीर्षाखाली जातो, आणि तुरीच्या बाजारभावाइतकाच भाग शेतीकडे राहतो. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न शेतीउत्पन्न मानावे, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात आहे.

दूध, शेळ्या, कोंबड्या यांचे उत्पन्न शेतीचे नाही, भले गाय आपल्याच शेतातील कडवळ खात असो. रेशीम शेतीच्या नावात ‘शेती’ असली तरी तुतीची लागवड हा तिचा शेतीचा भाग आणि अळ्या पाळून कोष काढणे हा वेगळा भाग आहे. कोष हे शेतमाल मानले जात नाहीत. आपला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात भाड्याने चालवला की तो धंदा होतो. दुष्काळात विहिरीचे पाणी टँकरला विकून मिळालेले पैसे, वीटभट्टीला दिलेल्या रानाचे भाडे किंवा पवनचक्कीच्या कंपनीकडून जागेपोटी येणारी वार्षिक रक्कम हीदेखील शेतीउत्पन्नात बसत नाही, कारण ती जमीन तेवढ्यापुरती शेतीसाठी वापरात नसते.

शेतीउत्पन्न म्हणजे विक्रीची रक्कम नव्हे. बियाणे, खते, फवारणी, सालगड्याचे साल, मळणी, हमाली, तोलाई आणि आडत वजा जाता उरलेली निव्वळ रक्कम म्हणजे शेतीउत्पन्न. यासाठी मोंढ्यातील पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले, सातबारा आणि त्यावरील पीकपाहणीची नोंद हे पुरावे पुरेसे असतात. पेरा तीन एकर आणि पट्ट्या तीस एकराच्या असा प्रकार अधिकाऱ्याच्या सहज लक्षात येतो. इतर कमाई शेतीच्या नावाखाली दाखवण्याचा मोह इथेच उघडा पडतो.

आता सर्वांत दुर्लक्षित नियम. शेतीउत्पन्नावर कर नसला तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना ते मोजले जाते. निव्वळ शेतीउत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि इतर करपात्र उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेहून अधिक असेल, तर दोन्हींच्या बेरजेवर कर काढायचा आणि त्यातून ‘शेतीउत्पन्न अधिक मूळ मर्यादा’ एवढ्या रकमेवरील कर वजा करायचा. याचे पूर्ण गणित पाचव्या पायरीत केले आहे. ज्याला शेतीशिवाय दुसरे काहीच उत्पन्न नाही, त्याला ही भानगड नाही.

पायरी ४ : उरलेले उत्पन्न पाच शीर्षांत वाटणे

पगार. मालक आणि नोकर असे नाते असेल तरच मिळणारी रक्कम ‘पगार’ ठरते. मूळ वेतन, महागाई भत्ता, बोनस, स्वतःचे निवृत्तिवेतन हे सगळे यात येते आणि नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, जुन्या प्रणालीत ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते (दर आणि वजावटींच्या या दोन प्रणालींपैकी एक धरायची असते, त्याबद्दल पाचव्या पायरीत). पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र पगार नाही, कारण ती त्या कार्यालयाची नोकर कधीच नव्हती. ते ‘इतर स्रोतां’त जाते आणि तिथे एक तृतीयांश रक्कम किंवा नव्या प्रणालीत २५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढे वजा होते. परीक्षेचे पेपर तपासल्याचे मानधन पगारात मिसळू नये. महागाई भत्त्याची मागील वर्षांची थकबाकी एकदम हाती आली असल्यास विवरणपत्रापूर्वी फॉर्म १०ई भरून सवलत मागता येते. मात्र जुन्या वर्षांचे दर आणि यंदाचा दर ताडून पाहिल्यावरच ती मिळते की नाही हे कळते.

घर मालमत्ता. इमारत आणि तिला लागून असलेल्या जागेचे भाडे या शीर्षात येते, मग ते राहते घर असो वा बाजारपेठेतील गाळा. दोन खोल्यांचे महिन्याला ६,००० रुपये भाडे येत असेल तर वर्षाचे ७२,००० रुपये होतात. मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली ४,००० रुपयांची घरपट्टी वजा जाता ६८,००० उरतात. त्यावर ३० टक्के म्हणजे २०,४०० रुपयांची ठरीव वजावट मिळून ४७,६०० रुपये या शीर्षाचे उत्पन्न ठरते. रंगरंगोटीला चाळीस हजार गेले किंवा एक रुपयाही गेला नाही, तरी वजावट तीच. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरील व्याज यातून वजा होते. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट मात्र फक्त जुन्या प्रणालीत आहे.

लातूरसारख्या शिकवणीच्या गावात इथे एक पेच उभा राहतो. विद्यार्थ्यांना केवळ खोल्या दिल्या तर भाडे ‘घर मालमत्तेत’ जाते. पण खोलीबरोबर मेस, सफाई आणि देखरेख देऊन वसतिगृह चालवले तर तो व्यवसाय असतो आणि तिथे ३० टक्क्यांची वजावट न मिळता प्रत्यक्ष खर्च मांडावा लागतो. मोकळ्या प्लॉटचे भाडे या दोन्हींत बसत नाही. ते ‘इतर स्रोतां’चे उत्पन्न आहे.

धंदा किंवा व्यवसाय. किराणा, कृषी सेवा केंद्र, डाळमिल, दुग्धव्यवसाय, दवाखाना, वकिली हे सगळे इथे. वह्या ठेवून खरा नफा काढणे हा मूळ मार्ग आहे. लहान धंद्यांना कलम ४४एडी खाली अनुमानित नफ्याची सोय आहे : उलाढाल २ कोटींपर्यंत (रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत) असेल, तर रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरता येतो. वर्षाची विक्री ४० लाख आणि त्यांतील २५ लाख यूपीआयने आलेले असतील, तर १,५०,००० अधिक १,२०,००० असे २,७०,००० रुपये उत्पन्न होते. ही किमान मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा लागतो. डॉक्टर, वकील, अभियंता यांच्यासाठी कलम ४४एडीए असून त्यांत एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. मालवाहू गाड्यांसाठी, दहापेक्षा जास्त गाड्या नसल्यास, कलम ४४एई खाली गाडीमागे दरमहा ठरीव उत्पन्न धरण्याची सोय आहे.

मोंढ्यातील मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की दलाली किंवा कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी लागू नाही. आडत्याची आडत हे कमिशनच आहे. त्याने ८ टक्क्यांचा सोपा मार्ग धरला तर तो चुकीचा ठरतो. मुकादमाचेही तसेच. संपूर्ण टोळीच्या तोडणीचे पैसे त्याच्या नावावर निघून करकपातही सगळ्या रकमेवर झालेली असते, पण मजुरांना वाटलेली रक्कम त्याचे उत्पन्न नसते. मजुरांची यादी आणि वाटपाच्या सह्या असतील तर हे सिद्ध करता येते. शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सचा नफातोटाही याच शीर्षात जातो, भांडवली नफ्यात नव्हे.

भांडवली नफा. जमीन, घर, सोने, शेअर यांसारखी मत्ता विकून झालेला नफा. इथे पहिला प्रश्न विकलेली जमीन मुळात ‘मत्ता’ आहे का, हा असतो. ग्रामीण शेतजमीन कायद्याने भांडवली मत्ताच मानलेली नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण कोणती हे ठरवण्यासाठी दहा हजार किंवा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका-महानगरपालिकेची हद्द आणि त्या हद्दीपासूनचे हवाई अंतर पाहतात : लोकसंख्या १० हजार ते १ लाख असल्यास २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख असल्यास ६ किलोमीटर आणि १० लाखांवर असल्यास ८ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार छत्रपती संभाजीनगर १० लाखांच्या वर असल्याने तिथे ८ किलोमीटर. नांदेड, लातूर, परभणी, जालना, बीड या शहरांना ६ किलोमीटर. हिंगोलीची लोकसंख्या लाखाच्या आत असल्याने तिथे २ किलोमीटर. म्हणजे शहराच्या हद्दीपासून पाच किलोमीटरवर असलेली शेतजमीन हिंगोलीजवळ ग्रामीण ठरेल आणि परभणीजवळ ठरणार नाही. अंतर रस्त्याने मोजायचे नसते, हे विसरू नये. जमीन एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडल्यावर ती शेतजमीन राहत नाही.

हद्दीच्या आतील शेतजमीन विकल्यास नफा करपात्र असतो. चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ असलेल्या जमिनीवर साडेबारा टक्के दर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के दराने येणारा कर कमी असल्यास तो भरता येतो. वडिलोपार्जित जमिनीचा काळ पूर्वजाच्या ताब्यापासून मोजतात आणि किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचे रास्त मूल्य घेता येते. विक्रीपूर्वी किमान दोन वर्षे तिथे शेती होत असेल आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर कलम ५४बी खाली सूट मिळते. खरेदीखतात कमी रक्कम लिहून बाकी रोखीने घेण्याची जुनी रीत इथे अंगाशी येते : मुद्रांकासाठीचे सरकारी मूल्य खतातील रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल तर तेच विक्रीमूल्य धरले जाते, आणि जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा अधिक रुपये रोख स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

इतर स्रोत. जे कुठेच बसत नाही ते इथे. बँक, पतसंस्था आणि टपाल खात्यातील व्याज, लाभांश, लॉटरीची बक्षिसे यात येतात. व्याजावर करकपात झाली नाही म्हणून ते करमुक्त ठरत नाही. बँकेच्या ठेवींवर ५०,००० आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत १ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक व्याजावर बँक कर कापत नाही, इतकाच त्याचा अर्थ. धरणात किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावर न्यायालयाने मंजूर केलेले व्याज ज्या वर्षी हाती येते त्या वर्षी याच शीर्षात धरतात आणि त्यातील निम्मी रक्कम वजा होते. या व्याजाच्या करपात्रतेवर न्यायालयांत मतभेद झाले आहेत, त्यामुळे रक्कम मोठी असल्यास जाणत्या सल्लागाराला कागद दाखवल्याशिवाय विवरणपत्र भरू नये.

पायरी ५ : बेरीज, वजावट आणि कर

पाच शीर्षांची बेरीज म्हणजे ढोबळ एकूण उत्पन्न. इथे तीन शब्द वेगळे ठेवावेत. ‘सूट’ म्हणजे जे बेरजेत येतच नाही, जसे शेतीउत्पन्न. ‘वजावट’ म्हणजे बेरजेतून कमी होते ते, जसे जुन्या प्रणालीतील विमा, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या बचतीसाठीचे कलम ८०सी. आणि कलम ८७ए ची ‘करसवलत’ म्हणजे काढलेल्या करातून कमी होते ती. धंद्यातील तोटा पगारातून वजा होत नाही. पाऊस पडला नाही म्हणून शेतीत झालेला तोटाही पगारातून वजा होत नाही. जे उत्पन्न करमुक्त, त्याचा तोटाही हिशेबाबाहेर.

नवी प्रणाली आता आपोआप लागू होते आणि जुनी हवी असल्यास निवडावी लागते. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांवर ३० टक्के. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची करसवलत मिळते, पण भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या करावर ती लागू नाही. शेवटी करावर ४ टक्के उपकर.

आता औसा तालुक्यातील एका काल्पनिक गुरुजींचा हिशेब करू. पगार १२,७५,००० रुपये, प्रमाणित वजावटीनंतर १२,००,०००. व्याज वगैरे काही नाही असे धरू. शेती नसती तर कर ६०,०००, सवलत ६०,०००, भरायचे शून्य. पण गुरुजींच्या नावावर ऊस आहे आणि निव्वळ शेतीउत्पन्न ५,००,००० रुपये आहे. दोन्हींची बेरीज १७,००,०००. तिच्यावरील कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ६०,००० अधिक शेवटच्या लाखावरील २०,००० म्हणजे १,४०,००० रुपये. शेतीउत्पन्न अधिक मूळ मर्यादा म्हणजे ९,००,०००. त्यावरील कर ३०,०००. फरक १,१०,०००. त्यातून सवलत ६०,००० गेल्यावर ५०,००० उरतात, आणि उपकर २,००० धरून गुरुजींना ५२,००० रुपये भरावे लागतात. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य ऐकून निर्धास्त झालेल्या नोकरदार शेतकऱ्याने हे गणित स्वतःचे आकडे घालून एकदा करावेच.

करकपात वजा जाता भरायचा कर १०,००० किंवा अधिक असेल तर तो वर्ष संपण्याची वाट न पाहता १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ भरायचा असतो. ४४एडी निवडणाऱ्याला १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून मोकळीक आहे. गुरुजींसारख्यांनी शेतीउत्पन्नाची माहिती वेतन पथकाला दिली नसेल, तर पगारातून ही रक्कम कापली जात नाही आणि पुढे व्याज लागते.

पायरी ६ : विवरणपत्र

कर शून्य आला म्हणजे विवरणपत्राची गरज नाही, हे चूक. वजावटींपूर्वीचे उत्पन्न मूळ मर्यादेच्या, म्हणजे नव्या प्रणालीत ४ लाखांच्या, वर असेल तर ते भरावे लागते. उलट भीतीही आढळते : विवरणपत्र भरले की पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये बंद होतील. त्या योजनेतून वगळले आहे ते मागील करनिर्धारण वर्षात प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांना. शून्य कराचे विवरणपत्र भरणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भरण्यापूर्वी पोर्टलवरून २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या करकपातीचा उतारा) आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे आणि पेन्सिलीने खुणा केलेल्या खातेउताऱ्याशी ओळीने ताडून पाहावे. त्यात असलेले व्याज आपल्या यादीत नसेल तर यादी दुरुस्त करावी. आपली नसलेली नोंद त्यात असेल तर तिथेच हरकत नोंदवावी.

फॉर्मची निवड वर्गीकरणावरूनच ठरते. पगार, घरभाडे आणि व्याज एवढेच असेल तर बहुधा आयटीआर-१ चालतो. पण शेतीउत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असल्यास तो चालत नाही आणि आयटीआर-२ घ्यावा लागतो. अनुमानित नफ्याचा आयटीआर-४ ही याच मर्यादेमुळे शेती असलेल्या दुकानदाराला बंद होतो, त्याने आयटीआर-३ भरावा. शेतीउत्पन्न ५ लाखांपेक्षा अधिक दाखवल्यास जिल्हा आणि पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की कोरडवाहू हेही लिहावे लागते. त्यासाठी सातबारा आधीच समोर ठेवावा. पगारदारांसाठी मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलैची असते, त्यानंतर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते आणि जुनी प्रणाली निवडण्याची संधीही जाते. विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने किंवा नेट बँकिंगने त्याची पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडलेला असेल तर तो आधीच आधार केंद्रात जाऊन बदलून घ्यावा.